भुलीचा तोबरा

प्रास्ताविक

जनावराला क्लोरोफॉर्म दिला की मेंदू वरून खाली झोपत जातो आणि शुद्धीवर येताना खालून वर जागा होतो. मधल्या वेळात जनावर लडखडतं, मालकाला ओळखत नाही, कधी चारा सोडून दावंच चघळतं. तासा-दोन तासांत हे निवळतं. पुस्तकात एवढंच आहे. १९७१च्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात जे घडलं ते पुस्तकाबाहेरचं होतं, म्हणून पशुवैद्यकांच्या त्रैमासिकासाठी हा लेख.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, पत्र्याची ओसरी, कुंपणाची भिंत आणि एक बाभळ. घोडेगावचा गुरांचा बाजार सायकलने अर्ध्या तासावर. कानिफनाथ नावाचा शिपाई. मागच्या खोलीत मी आणि माझी पत्नी पुष्पावती. ती वाचल्याशिवाय माझा कुठलाही कागद टपालात पडत नाही. कंसातला मजकूर तिचा.

(दवाखान्यातून घरात येताना हे पायरीवर दोनदा खाकरतात, परक्याच्या दारी आल्यासारखे. हे लिहायचं राहिलं.)

याचा विषयाशी संबंध नाही.

भूल द्यायला एक तोबरा होता. घोड्याच्या तोंडाला बांधून चंदी खाऊ घालतात तसलाच, पण चामड्याचा, आत स्पंज ठेवायला जाळी. नगरच्या कॅम्पात घोडदळाचं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा आधीच्या डॉक्टरांनी तो घेतला आणि न वापरताच खुंटीला टांगला. चामड्यावर कुणा घोड्याचा नंबर ठोकलेला होता. मी तो धुऊन, उन्हात वाळवून वापरायला काढला.

पहिला प्राणी: म्हैस

लंकाबाईची. कासेजवळची गाठ काढली. दोन-तीन दिवसांनी लंकाबाई आली.

"डाक्टर, म्हस बसंना."

"दुखत असेल."

"दुखत बिखत न्हाई. उभ्यानंच झोपती. एक पाय उचलून."

मी बघायला गेलो. गोठ्याशेजारी शाळेचं मैदान. मास्तरांनी कवायतीची शिट्टी मारली. म्हशीने मान उभारली, कान ताठ केले, निघाली आणि चौथीच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. 'सावधान' झालं तसे चारही पाय जुळले. 'दहिने मूड'ला पोरं चुकली. म्हैस चुकली नाही.

"दूध देती," लंकाबाई म्हणाली, "पर अशी ताठ उभी ऱ्हाती, की धार काढताना मलाच पदर सावरावा वाटतो."

तात्पुरता गोंधळ, असं मी ठरवलं.

दुसरा प्राणी: बोकड

कानिफनाथाचा, पुढचा पाय मोडलेला. तोवर हा बोकड दवाखान्याच्या भिंतीवर चढून बाभळीच्या शेंगा ओरबाडायचा. पाण्याचा एवढा तिटकारा, की डबकं दिसलं तर वळसा घालून जायचा. भुलीत पाय बसवला, पट्ट्या बांधल्या. शुद्धीवर आला तो लंगडत थेट ओढ्याला गेला आणि चिखलात गळ्यापर्यंत बसला. डोळे मिटून रवंथ चालू.

"साहेब," कानिफनाथ रडवेला होऊन म्हणाला, "ह्याच्या पाठीवर बगळं बसायला लागलं."

मग त्यानेच गावभर सांगितलं: तोबऱ्यात आधी जो निजतो तो नंतरच्यात उठतो. म्हशीत पलटणीचा घोडा उठला, बोकडात म्हैस. गाव हसून लोळलं. मीही हसलो. मी शास्त्राचा माणूस.

गहिनीनाथ हसला नाही. त्याच्याकडे हौश्या-गवश्या अशी खिलारी जोडी होती, पोळ्याला वेशीतून मानाने पहिली निघणारी. हौश्याच्या खांद्यावर, नेमकी जूच्या जागी, नारळाएवढी गाठ आली होती. गाठ काढली नाही तर बैल औताला निकामी. निकामी बैल घोडेगावच्या बाजारात कोण घेतो, हे त्याला ठाऊक होतं. वासरू असल्यापासून त्याने तो हातावर वाढवलेला.

"डाक्टर, येक सांगा. हौश्या उठंल तवा हौश्याच उठंल ना?"

"दुसरा कोण उठणार?"

"आदी बोकड निजलंय त्यात. माझा बैल बोकड हून उठला तर मी औताला काय, बकरं जुपू?"

"अरे, हे सगळं कानिफनाथाचं डोकं."

"मला बैल पायजे असं न्हाई. हौश्या पायजे. न्हाईतर गाठीसगट ऱ्हाऊ द्या. मरंल तो हौश्या म्हणून मरंल."

त्याने कासरा उचलला. गाठ आणखी महिनाभर वाढली असती तर कापायला जागा उरली नसती. समजावून सांगण्याचा एकच मार्ग मला सुचला.

तिसरा प्राणी

हा मोजायचा नाही.

(मोजायचा.)

मी तोबरा स्वतःच्या तोंडाला लावला. "बघ, काही होत नाही," असं म्हणालो. गोडसर वास, खाली घामेजल्या चामड्याचा. मग ओसरीचा पत्रा लांब लांब गेला.

उठलो तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं आणि गहिनीनाथ माझ्या तोंडाकडे बघत होता.

"कोन तुमी?" त्याने विचारलं.

"डॉक्टर. आणि तू गाढव."

"बोलताय तर मान्सावानी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बैल घेऊन आला.

(त्या दिवसापासून हे भिंतीवर जाऊन उभे राहतात.)

तिथून बाजाराचा रस्ता दिसतो.

(बाभळीच्या शेंगा खातात.)

त्या तुरट असतात, पोटाला चांगल्या.

(खाकरत नाहीत. केव्हा आत येतात कळत नाही. पाठीमागे उभे असतात.)

चौथा प्राणी: बैल

गाठ पूर्ण निघाली, जखम भरली. हौश्या उठला, हंबरला, गहिनीनाथाचा हात चाटला. गहिनीनाथ पोरासारखा रडला. आता कुणी हसून दाखवावं, असं मी मनात म्हणालो.

आठवडाभराने तो एकटाच आला.

"कसा आहे?"

"औत वढतो. पर जुपायच्या आदी गवश्याकडं जातो, त्याच्या डाव्या कुशीला कान लावतो, आन् उभा ऱ्हातो."

"सवय असेल."

"कुनाची?"

मी स्टेथोस्कोप खिशात घातला.

पुढे हौश्या सकाळी दावं सोडवून दवाखान्यात येऊ लागला. ओसरीच्या तोंडाशी उभा राही. बाया गुरं घेऊन आल्या की एकेका जनावराला हुंगून पुढे जाई. लंकाबाईच्या गाईपाशी फार वेळ थांबला. मी तपासली; दोन महिन्यांची गाभण होती.

"हे डाक्टर बरं," लंकाबाई म्हणाली. "सुई मारीत न्हाईत."

त्यानंतर बाया गुरं आधी त्याच्यापुढे नेऊ लागल्या. मी भिंतीवरून बघत असे.

एकदा गहिनीनाथ भिंतीखाली येऊन उभा राहिला.

"मी हौश्या मागितला हुता, डाक्टर."

"तोच तर दिला."

"माझ्या दारात आल्यावर येक घास खातो, आन् पावन्यावानी उभा ऱ्हातो. मंग हिकडं बघत बसतो. तुमच्या घराकडं."

(दुपारी येतो. मागच्या खिडकीशी उभा राहतो. मी खिडकी उघडी ठेवते.)

हे मला माहीत नव्हतं.

निष्कर्ष

पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणीला गहिनीनाथाने हौश्याच्या खांद्यावर हळद-लोणी चोळलं. व्रणाचा मागमूस नव्हता. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल. मानाची जोडी वेशीतून पहिली निघाली. मग बैल घरोघर फिरू लागले.

मी आतल्या खोलीत होतो. पुष्पावती चुलीशी पुरणपोळ्या करत होती. या पानावर ती काही लिहिणार नाही म्हणाली.

ढोलकी लांब गेली.

पायरीवर कुणीतरी खाकरलं.

दोनदा.

पुष्पावतीने डोक्यावर पदर घेतला. पाट मांडला. तांब्या घेतला.

दारात गहिनीनाथ कासरा धरून उभा होता. "वहिनी, ह्यो हितनं हलंना," तो हळूच म्हणाला. त्याने हौश्याच्या मानेवर हात ठेवला, थोडा वेळ ठेवला, आणि कासरा सोडून दिला. बैल गेला नाही. उंबऱ्यापाशी थांबला, आत बोलावायची वाट बघत.

"अहो, आत या," पुष्पावती म्हणाली. "पान वाढलंय."

"मी आतच आहे," मी म्हणालो.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"तुम्हाला नाही म्हटलं."