कच्च्या मुळाचा आळ

"काय पाजलं होतं हिला? आणि कोणी पाजलं?"

अकोल्याच्या त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी हे विचारलं आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. आत खाटेवर मोनाली पडलेली, डोळे असे पिवळे की बघवत नव्हतं... चार महिन्यांचं लेकरू घरी म्हशीच्या दुधावर, आणि इथं त्याच्या आईच्या यकृतानं मान टाकलेली! मोनालीच्या मोठ्या जावेनं, जयवंतानं, सासूकडे पाहिलं. तानुबाई भिंतीला टेकून उभी होती, ओठ हलत होते. सत्तरीची ती बाई जयवंताला एकाएकी लहान पोरीसारखी दिसली, आणि त्या एका क्षणात तिचं सगळं ठरून गेलं.

"तांबडं मूळ होतं, डॉक्टरसाहेब. चीनमधलं. कच्चं. बारा दिवस काढा दिला, रोज सकाळी एक वाटी." ती पुढे झाली. "पुडी म्या काढून दिली."

औषधाबद्दल ती एक अक्षर खोटं बोलली नाही, कारण त्यावर मोनालीचा जीव होता. खोटं होतं ते फक्त शेवटचं वाक्य.

आता हे चिनी मूळ नांदगाव पेठेजवळच्या एका हळदवाल्याच्या घरात आलंच कसं, ते सांगायला हवं. जयवंताचा धाकटा दीर, म्हणजे मोनालीचा नवरा कुलदीप, चीनमध्ये डॉक्टरकी शिकून आला होता. आल्यावर इथली परीक्षा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाला आणि अकोल्याला इंटर्नशिप करू लागला. आठ वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, तेव्हापासून त्याला जयवंतानंच वाढवलं. तिची स्वतःची कूस उजवली नाही, पण तिनं कधी देवाशी भांडण मांडलं नाही. कुलदीपच्या डब्यात, त्याच्या तापात, त्याच्या पाढ्यांत तिच्या आईपणाची हौस फिटून गेली होती. तर हा कुलदीप येताना दोन पुड्या घेऊन आला. एकीत काळ्याभोर चकत्या, दुसरीत तांबूस.

"वहिनी, ह्याले तिथं हो-शौ-वू म्हणतात," तो ऐटीत म्हणाला होता. "हो नावाच्या म्हाताऱ्याचे पिकले केस ह्यानं काळे झाले म्हणे! त्यांच्या वैद्यकात केस म्हणजे किडनीचा मोहोर. किडनीत शरीराची पुंजी साठते, बाळंतपणात ती खर्च होते, मंग कंबर धरते, केस झडतात. काळ्या सोयाबीनच्या पाण्यात हे मूळ पुन्हापुन्हा वाफवायचं, वाळवायचं, तवा काळं होते. काळं तेवढं वापरायचं. हे तांबडं कच्चं हाय, नुसतं दाखवाले आनलं. ह्याले हात लावू नोका."

"नाही लावत, बाप्पा," जयवंता हसून म्हणाली आणि दोन्ही पुड्या कपाटात ठेवल्या. सासूला सांगायचं मात्र राहून गेलं. एवढंच, एवढंच तिचं चुकलं!

मोनालीला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. चौथ्या महिन्यात तिचे केस मुठीमुठीनं गळू लागले, कंबर ठणकू लागली, फणी पाहिली की पोरगी रडायची. कुलदीप वहिनीला म्हणाला, काळा काढा द्या. जयवंता देऊ लागली. तेवढ्यात हळद शिजवायचे दिवस आले. नवरा देवमन आणि ती दोघं वावरात कढईपाशी राहायला गेली, आणि घरी बाळंतिणीजवळ तानुबाई राहिली. काळी पुडी संपली. तानुबाईनं तांबडी काढली. साऱ्या जन्माची हळदवाली ती! बाजारची हळद शिजवून वाळवून विकायची, पण घरात कोणाला खोकला, मार, सूज आली तर मातीतून काढलेली कच्चीच उगाळायची, कारण खरा गुण कच्चीत, शिजवलेली ती व्यापाऱ्याच्या सोयीसाठी... हा तिचा पन्नास वर्षांचा अनुभव. चिनी झालं म्हणून काय झालं, मूळ ते मूळ! 'शिजोलं एवढा गुन देते, त कच्चं किती देईन!' असं म्हणून तिनं मायेनं, अगदी मायेनं, दुप्पट चकत्या उकळल्या. वाटी मोनालीला तीच देई, पण मोनाली समजे की चकत्या जयवंतानंच काढून ठेवल्यात, आणि खरं काय ते जयवंताला कळलं दवाखान्याच्या वाटेवर, तानुबाईच्याच तोंडून.

आणि जयवंता तिच्यासाठी का उभी राहिली? तेही ऐका. लग्नाच्या महिनाभर आधी जयवंताला मुदतीचा ताप आला आणि डोक्यावरचा केस अन् केस गेला. भावकीतले लोक म्हणाले, टकली नवरी कोण आणते, सोयरीक मोडा. तेव्हा तानुबाई भर मांडवात उभी राहून कडाडली होती, "पाला वाळला म्हनून हळद मेली काय रे? मले पोरगी पाह्यजे, केस नाही!" पुढं वर्षभर दर रविवारी तिनं माक्याचं तेल सुनेच्या डोक्यात जिरवलं. त्या दिवसापासून जयवंता तिला सासूबाई म्हणालीच नाही, माय म्हणाली. असं ऋण काय फेडता येतं? ते नुसतं मिरवायचं असतं, कृतज्ञतेनं, जन्मभर.

तर त्या व्हरांड्यात जयवंता 'पुडी म्या काढून दिली' म्हणाली, आणि आभाळ कोसळलं.

"मी तुमाले सांगितलं होतं!" कुलदीप ओरडला. ज्या तोंडात तिनं घास भरवले त्याच तोंडानं ओरडला. "तुमाले एकटीले सांगितलं होतं वहिनी, की तांबड्याले हात लावू नोका! काहून दिलं? काहून?"

ती सरकून तानुबाईच्या पुढे उभी राहिली.

मोनालीचे वडील खुशालराव मधे पडले, ते समजवायला नव्हे. "काहून म्हनजे? सरळ हाय. सोताले लेकरू नाही, दुसरीचं सुख पाहवलं नाही बाईले!"

हे ऐकून तानुबाईच्या तोंडून हुंदका निघाला. "अवं, असं नाही, ते..." पण जयवंतानं तिचा हात घट्ट धरला, ओढत जिन्यापाशी नेलं आणि हळूच म्हणाली, "माय, तुमाले माह्या जिवाची शपथ हाय. बोलसान तर मी जित्ती राह्यनार नाही. मोनालीले माय नाही, तुमीच तिची माय. तुमच्यावरचा तिचा इस्वास गेला तर ते पोर कोनाकडं पाह्यन? माह्यं काय, म्या सांगितलं नाही तुमाले, म्हनजे अर्धं पाप तसंही माह्यंच."

मोनाली वाचली. तीन आठवड्यांनी डोळे पांढरे झाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, काळं असो की तांबडं, असली मुळं रक्त तपासल्याशिवाय कोणी कोणाला द्यायची नसतात. कुलदीपनं खाली मान घालून ऐकलं. मग तो बायको-मुलाला घेऊन अकोल्यालाच राहिला. निरोप एवढाच आला, की आई येऊ शकते, दादा येऊ शकतो... वहिनीनं येऊ नये.

तीन वर्षं, बाई! तीन वर्षं जयवंतानं मोनालीचं ते लेकरू, शिवम, नुसतं फोटोत पाहिलं. तानुबाई अकोल्याहून परतली की जयवंता विचारायची, दात आले का, चालते का, काय खाते? आणि तानुबाई सांगता सांगता पदरात तोंड खुपसायची. कधी म्हणायची, "पोरी, सांगून टाकू दे मले." जयवंता म्हणायची, "शपथ हाय, माय." भावकीच्या बाया हळदीकुंकवाला तिला टाळू लागल्या, कोणी पोर तिच्या कडेवर देईना. ती घरी येऊन भाकरी थापायची. देवमनला सगळं ठाऊक होतं, तो रात्रंदिवस दात खाऊन गप्प राहिला. पण एक सांगते, जयवंताच्या मनात सासूबद्दल राग कधी डोकावला नाही. अवघड वाटलं की ती स्वतःलाच समजवायची, मला घर मिळालं, माय मिळाली, कुलदीप मिळाला, एवढं कुणाला मिळतं!

शिवमला तीन वर्षं होऊन गेली आणि जावळ काढायचं ठरलं, कौंडण्यपूरला, वर्धेच्या काठी. तानुबाईनं पहिल्यांदाच हट्ट धरला, की जयवंता आली नाही तर मीही येणार नाही. कुलदीपनं नाइलाजानं मान हलवली. मग जयवंता आली ती स्वयंपाकीण म्हणून, घाटापासून पन्नास पावलांवर गोवऱ्यांच्या आरावर, निखाऱ्यांत, कणकेच्या गोळ्यांचे रोडगे भाजत बसली. शिवम जवळून धावत गेला, थबकला, अनोळखी बाईकडे पाहिलं आणि आईकडे पळाला. जयवंतानं धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

घाटावर मोनालीच्या भावानं, अमोलनं, भाच्याला मांडीवर घेतलं. न्हाव्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि विचारलं, "पोराची आत्या कोन हाय? केस भुईवर पडू द्यायचे नसतात. पदर धरा."

आत्या नव्हती. कुलदीपला बहीणच नव्हती.

"आई, तुमीच धरा," मोनाली तानुबाईला म्हणाली.

तानुबाई उठली, पदर पसरला... आणि हातातून सोडून दिला.

"नाही धरत मी. कशी धरू? ह्या हातानं ह्या पोराच्या मायले कच्चं मूळ पाजलं वं! जयवंतानं नाही, म्या! म्या पाजलं! तांबडी पुडी म्याच काढली, ती तर वावरात होती, हळद शिजवत होती. तिनं माह्या तोंडावर शपथेचा बोळा कोंबला, तिच्या जिवाची शपथ मोडली तर तिले काही होईन म्हनून म्या तीन वर्सं जीभ आवळून ठेवली. पन लेकराचे पहिले केस खोट्या पदरात नाही घेत मी. देव मले काय शिक्षा देईन ती देवो!"

मोनालीचा चेहरा पांढराफटक पडला. खुशालराव खाली बसले. देवमननं तोंड फिरवलं, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तो मोठ्यानं रडला.

"आनलं मी होतं ते," कुलदीप घोगऱ्या आवाजात म्हणाला. "डॉक्टर म्हनवतो आन् घरात काढे वाटतो. ते मलेच कोनी विचारू नये म्हनून वहिनीवर सर्वात मोठ्यानं मीच ओरडलो."

मोनालीनं तानुबाईला खांद्याला धरून पायरीवर बसवलं. "माय," ती म्हणाली, आणि हा शब्द ती पहिल्यांदाच वापरत होती, "तुमी मायेनं दिलं होतं. मले माहीत हाय. आता रडू नोका." मग ती अनवाणी, तापल्या वाळूतून, आराकडे चालत गेली.

जयवंतानं मान वर केली. हात पिठानं भरलेले, कपाळावर राख. ती घाबरून म्हणाली, "काय झालं? पोराले लागलं काय?"

"तुमी गप्प काहून राह्यल्या, ताई?" मोनाली तिच्या पायांशी कोसळली. "मी तुमाले वैरीण म्हनलं... माह्यं लेकरू तुमच्यापासून लपवलं, आन् तुमी..."

जयवंताला एका क्षणात सगळं उमगलं. तिनं घाटाकडे पाहून हाक मारली, "माय, शपथ मोडली ना शेवटी!" पण आवाजात राग नव्हता. "पाहा, मेली नाही मी," ती हसत, रडत म्हणाली. "उठ पोरी, पाय कशाले धरतं? तुह्या सासूनं मले मांडवात सांभाळलं होतं, म्या तिले व्हरांड्यात सांभाळलं. घरातल्या घरातच राह्यलं की."

"हात धुवा आन् चला," मोनाली म्हणाली. "न्हावी थांबला हाय."

"मी? अवं, मी आत्या नाही."

"आत्या नसू द्या. मोठी आई हायेत तुमी."

जयवंतानं हात धुतले, कसे धुतले तेही तिला कळलं नाही. ती अमोलसमोर गुडघे टेकून बसली, पदर पसरला. वस्तरा फिरू लागला. शिवमनं भोकाड पसरलं. मऊ, कुरळे केस एकेक करून तिच्या पदरात पडू लागले आणि ती ते असे झेलत होती, की एकही भुईवर जाऊ दिला नाही. कुलदीप तिच्यामागे उभा राहून तिच्या डोक्यावर उन्हासाठी टॉवेल धरून होता.

काम झालं. शिवमनं रडणं थांबवलं, गुळगुळीत डोक्यावरून हात फिरवला, आणि भलताच दचकला.

"माहे केस कुठं गेले?"

"हे काय, माह्यापाशी," जयवंतानं पदर दाखवला.

त्यानं पदरात डोकावून पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"तू कोन?"

तेव्हा मोनालीनं लेकराला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "मोठी आई," ती म्हणाली. "आता रोज दिसन तुले."