कोऱ्या डब्यापुढे

त्या दिवशीचं काम रोजचंच होतं. कॅन्सरच्या तपासणीला आलेली माणसं दहा मिनिटं मास्कमध्ये श्वास सोडतात. ते मास्क स्टीलच्या डब्यांत बंद होऊन सोलापूरच्या आमच्या केंद्रात येतात आणि हरणी ते हुंगते. जिथे आजार, तिथे ही कुत्री मुकाट्याने खाली बसते. साहेबांच्या सहीपेक्षा आम्हाला तिचं बसणं पक्कं वाटतं. एक डबा मात्र मीच भरते. त्यात कुणीच न वापरलेला कोरा मास्क असतो, हरणी चुकत नाही ना हे बघायला.

मे महिन्यातली दुपार होती. वीज गेली, पंखा थांबला. खोलीत फिनेलचा वास आणि हरणीच्या नखांची टकटक, बस्स. ती एकेक डबा हुंगत गेली आणि कोऱ्या डब्यापुढे बसली.

मी नवं पाकीट फोडलं, दुसरा डबा घेतला. ती पुन्हा तिथेच बसली. तिसऱ्यांदाही. जो श्वास कुणी सोडलाच नाही, त्याला कसला आजार?

तिला सांभाळणारे गुरप्पा अक्कलकोटकडचे, अर्धा जन्म मेंढरांमागे गेलेला. ते कुजबुजले, "ताई... डबा भरायच्या आदी तुमी काय करता?"

"काय करणार? धूळ असते, म्हणून जरा फुंकर..."

मी कोऱ्या डब्याकडे पाहिलं; आत माझाच श्वास होता.

"उद्याच दाखवून या," गुरप्पा म्हणाले. "हरणी खोटं बोलत न्हाय."

डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ निघाली. माझी ऋतुजा पाचवीत. डॉक्टर बोलत होते आणि मला फक्त तिच्या दोन वेण्या दिसत होत्या. पण गाठ वेळेत सापडली होती. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, रिपोर्ट स्वच्छ आला.

कामावर परतले त्या दुपारी मी फाटकाशीच थबकले. रिपोर्ट ठीक, पण हरणी काय म्हणते? व्हरांड्यातच तिने माझे हात हुंगले, तोंड हुंगलं, छातीशी नाक नेलं... आणि शेपटी हलवत पुढे गेली. मी मटकन खाली बसून रडले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. गुरप्पाही डोळे पुसत हसत होते. "गंगेत घोडं न्हालं की, ताई!"

मग हरणी थांबली. भिंतीलगतच्या गादीच्या बाकाकडे तिने नाक केलं आणि त्याच्यापुढे मुकाट्याने बसली.

बाकावर कुणीच नव्हतं.

गुरप्पांचं हसू मावळलं. त्यांनी हात जोडले आणि दबक्या आवाजात त्या बाकाला म्हणाले, "तुमीबी दाखवून घ्या... उशीर करू नका."

बाकाची दबलेली गादी हळूहळू फुगून वर आली, कुणी उठून गेल्यावर येते तशी.