टिंबकाकांचा हुंकार

ही घटना खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

जिच्या बाबतीत ती घडली, ती माझी सख्खी मावशी. छापलेल्या कागदावरची चूक खपवून घ्यायची नाही, यावर तिने आयुष्यभर पोट भरलं. एकदाच खपवून घेतली. त्याचीच ही गोष्ट.

रात्र नव्हती. शनिवार होता. दुपारचे पावणेतीन.

मावशी तेव्हा कला अकादमीच्या प्रकाशन विभागात मुद्रितशोधक होती. दुसऱ्या मजल्यावर, टोकाची खोली. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतीला लागून न खपलेल्या नियतकालिकांचे गठ्ठे.

तिथे प्रुफं जोडीने तपासायची पद्धत होती. एकाने मोठ्याने वाचायचं, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट. दुसऱ्याने समोर बसून ओळीवर बोट फिरवायचं. ओळ बरोबर असली की म्हणायचं, "हं."

चूक असली की गप्प बसायचं.

समोरचा गप्प बसला की वाचणाऱ्याने थांबायचं. एवढाच नियम.

मावशी वाचायची. समोर टिंबकाका. निसटलेलं एक टिंबही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून ते नाव.

"काका, जरा भरभर हं म्हणा की. घसा सुकला माझा."

"घशाला औषध मिळतं, बाई. छापून गेलेल्या चुकीला मिळत नाही."

या टिंबकाकांनी अकरा वर्षं आपल्या सगळ्या सुट्ट्या जाळून एक कोश केला होता. वाद्यं बनवणाऱ्या कारागिरांचा. कोण कातडं कसं ताणतो, कोण लाकूड किती वर्षं वाळवतो, सगळं स्वतः जाऊन, बघून लिहिलेलं. नेमकी पाचशे ब्याण्णव पानं. त्या वर्षी अकादमीची जी नवी पुस्तकं निघणार होती, त्यांत सगळ्यात जाड.

तिसरं प्रूफ चालू असताना टिंबकाका गेले. छातीत कळ आली आणि खेळ खलास.

पंधरा दिवसांनी संचालकांनी मावशीला बोलावलं.

"कोशावर संपादक म्हणून माझं नाव घाला."

"आणि टिंबकाका?"

"ऋणनिर्देशात आहेत की! चांगल्या चार ओळी लिहिल्यात मी."

तो ऋणनिर्देश आला पाचशे त्र्याण्णवाव्या पानावर. छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यात होते. त्या एका पानासाठी नवा फर्मा लावावा लागला असता.

"चार ओळींसाठी सोळा पानं?" संचालक म्हणाले. "काढून टाका."

मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मावशीने ऐकले होते. बोटं चाटणारा पहिल्यांदाच पाहिला.

पण तिने मूग गिळले. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांवर तिची नऊ वर्षं गेली होती. घरी माझी आजी अंथरुणाला खिळलेली. नोकरी कायम करण्याचा आदेश संचालकांच्याच टेबलावर, सहीवाचून पडलेला.

"शनिवारी प्रूफ सही करून द्या," ते म्हणाले. "सोमवारी तुमचंही बघू."

शनिवारी दोन वाजता कार्यालय रिकामं झालं. मावशी एकटीच बसली. शेवटची आठ पानं आणि नावाचं पान राहिलं होतं. नावाचं पान शेवटी वाचायचं, हा टिंबकाकांचा शिरस्ता. आधी काम, मग नाव.

सवयीने तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ संपली.

आणि समोरून...

"हं."

मावशीने मान वर केली. खुर्ची रिकामी होती.

वीज गेली होती, पंखा बंद होता. रस्त्यावरचा आवाज त्या खोलीपर्यंत पोहोचतच नसे.

तिने दुसरी ओळ वाचली.

"हं."

तिसरी.

"हं."

मावशी सांगते, मला भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं. डोळे भरून आले. आठ पानं तिने सरसर वाचली, प्रत्येक ओळीला हुंकार मिळत गेला.

मग नावाचं पान घेतलं.

"वाद्यकार कोश."

"हं."

"संपादक..." आणि तिने संचालकांचं नाव वाचलं.

समोर काहीच नाही.

तिने पुन्हा वाचलं. थांबली.

शेवटी तिने, अगदी हळू, टिंबकाकांचं खरं नाव उच्चारलं.

"हं."

आवाज या वेळी समोरून नव्हता. कानाशी होता.

मावशीने लाल पेन्सिल उचलली. संचालकांच्या नावावर टेकवली.

आणि परत ठेवली.

प्रुफाच्या तळाशी दोन चौकटी असत. एक वाचणाऱ्याच्या सहीची, एक तपासणाऱ्याच्या. मावशीने पहिलीत सही केली. मग दुसरीतही. टिंबकाकांच्या चौकटीत, स्वतःचीच.

समोरची खुर्ची फरशीवर करकरत मागे सरकली...

कुणीतरी उठून गेल्यासारखी.

सोमवारी मावशी कायम झाली.

प्रकाशन समारंभाला टिंबकाकांच्या पत्नी आल्या होत्या. सत्कार संचालकांचा झाला. काकूंनी कोश मांडीवर घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. मग शेजारी बसलेल्या मावशीला हळूच विचारलं, "यांचं पान कुठलं गं?"

"पुढच्या आवृत्तीत येईल, काकू."

काकू ती आवृत्ती बघायला राहिल्या नाहीत.

आता मावशी निवृत्त आहे. गेल्या महिन्यात दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो. अकादमीने नव्या पुस्तकांची आणि नियतकालिकांची यादी पाठवली होती. ती मला वाचून दाखवू लागली. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती.

"चित्रकला विशेषांक, वर्ष बारावे."

"हं."

"मी काही बोललो नाही, मावशी," मी म्हणालो.

"माहीत आहे. वाचू दे."

तिने पुढची ओळ वाचली. पुन्हा हुंकार. म्हाताऱ्या माणसाचा, घोगरा. माझ्या शेजारून.

"वाद्यकार कोश, दुसरी आवृत्ती."

"हं."

"संपादक..." तेच नाव.

शांतता.

"मुद्रितशोधन..." आणि मावशीने स्वतःचं नाव वाचलं.

आम्ही दोघंही थांबलो.

काहीच आलं नाही.

मावशीने यादीची घडी घातली. "बावीस वर्षं झाली," ती म्हणाली. "रोज एकदा माझं नाव वाचून बघते."