कुंभारणीचं घर

"बारा वाजता बांधकाम खात्याच्या अंजना मॅडम पूल पाडायच्या कागदावर सही करणार," गवंडी हुसेनचाचा म्हणाले. "ह्या नऊ कमानी माज्या आज्यानं घडवल्यात, पोरी. डागडुजी मी केली. आता गाव म्हणतं, हुसेनचा चुना कच्चा!"

सांगलीची खासगी गुप्तहेर सुमैरा मुजावर शांतपणे ऐकत होती. तिचा सहकारी प्रथमेश घड्याळ बघत होता. दहा वाजले होते.

कृष्णेतल्या मधल्या खांबाला एक जुनी भेग होती. ती वाढते का, हे कळावं म्हणून चाचांनी महिन्यापूर्वी तिच्यावर आडवी काच चिकटवली होती. भेग हलली, की काच फुटते. परवा संध्याकाळपर्यंत ती शाबूत होती; काल सकाळी पुलावरून ती फुटलेली दिसली.

"काच नेमकी कुठं लावलीत?"

"कुंभारणीच्या घराखाली. भेगेवरच मातीचं घर बांधलंय त्या माशीनं. तिला चुकवून वीतभर खाली लावली."

खांबापर्यंत जायला गावात एकच नाव होती, धुळाची. प्रथमेश ऐटीत फळीवर बसला.

"आवं सायेब, बसू नगा!" धुळा ओरडला. "परवा सांजच्याला डांबर लावलंय. वाळाय म्हणून काठावर सोडली, तवापासनं आजच पाण्यात घातली."

प्रथमेशच्या पँटला काळा शिक्का बसला होता. तो चिडून म्हणाला, "पूल पडला तर तुझीच चांदी, नाही का?"

"व्हय की! पर माजी लेकरं त्याच पुलावरनं शाळंला जात्यात, गड्या."

सुमैरानं भिंगातून काच पाहिली, मग वर पाहिलं आणि मोबाइलवर दोन फोटो काढले.

नव्या पुलाचे ठेकेदार लालासाहेब पारावर भेटले. "मी? महिनाभर नदीकडं फिरकलो नाही. त्यात मला पोहता येत नाही." त्यांनी कातडी बॅग मांडीवरून पाठीमागं सरकवली.

"बॅग माझ्या पँटइतकीच मळकी आहे," परतताना प्रथमेश कुजबुजला. "पण माणूस सज्जन वाटतो. धुळाच असणार."

सुमैरा हसली. "तुझं पहिलं वाक्य लक्षात ठेव."

बाराला पाच कमी होते. पुलावर अंजना मॅडमनी पेन उघडलं. हुसेनचाचा कठडा घट्ट धरून उभे होते, लालासाहेब बॅग घेऊन मॅडमच्या शेजारी.

"मॅडम, हा फोटो बघा," सुमैरा म्हणाली. "काचेच्या वीतभर वर कुंभारणीचं घर आहे, त्याच भेगेवर, काचेच्याही आधीपासून. वाळलेली माती काचेपेक्षा ठिसूळ. भेग हलली असती, तर हे घर आधी तडकलं असतं. त्यावर साधा तडाही नाही. म्हणजे पूल हलला नाही. काच फोडली गेली."

"कुणी?"

"खांबाशी नावेनंच जाता येतं. परवा संध्याकाळी नावेला डांबर लागलं, काल सकाळी काच फुटलेली होती. मधल्या वेळात जो नावेत गेला, त्याच्यावर डाग हवा. प्रथमेशला आज लागला. लालासाहेब, नदीकडं न फिरकलेल्या तुमच्या बॅगेच्या बुडाला कुठला लागला?"

लालासाहेबांनी बॅग छातीशी धरली, आणि पांढऱ्या शर्टावर काळा पट्टा उमटला.

"उघडा ती," मॅडम म्हणाल्या.

आतल्या हातोडीच्या तोंडाला काचेची चकाकती पूड होती.

मॅडमनी कागदाचे दोन तुकडे केले. "चाचा, नवी काच लावा. पूल उभा राहील."

पुलावर एकच जल्लोष झाला. चाचांना खांबाशी न्यायला धुळानं नाव आधीच पाण्यात सोडली होती.

हुसेनचाचांनी चुन्याचं घमेलं उचललं. डोळे पुसत ते सुमैराला म्हणाले, "पोरी, तुजी फी देतो. पर त्या माशीची कशी द्यायची?"

"तिचं घर चुकवून काच वीतभर खालीच लावा," ती म्हणाली.