लामेर्सीच्या नावानं

दुपट्यांवर, उशांवर, बारशाच्या झबल्यांवर नावं भरायची, हा आसेफीचा धंदा. जाकमेल बंदराच्या वरच्या डोंगरात, कॉफीची झुडपं जिथे दाट होतात, तिथे ती आईजवळ राहायची. त्या दिवशी नव्या दुपट्याची खळ जावी म्हणून ती स्वयंपाकाआधी झऱ्यावर निघाली. दुपटं धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या बाळाचं होतं.

नावांतलं तिला सगळं कळायचं. कुणाचं नाव फ्रेंच संताचं, कुणाचं गुलाम म्हणून साखळदंडांत बांधून गिनीहून आणलेल्या खापरपणज्याचं, तर कुणाचं म्हणजे आईबापांनी देवाला घातलेलं गाऱ्हाणं. दियेदोने म्हणजे देवाने दिलेला. आणि आसेफी म्हणजे पुरे झाल्या पोरी. ही चौथी मुलगी झाली तेव्हा बापाने दारातूनच नाव ठेवलं, टोपी डोक्यावर चढवली आणि तो बंदरावर निघून गेला.

देवाने काही ते गाऱ्हाणं ऐकलं नाही. पुढे काही वर्षांनी घरात पुन्हा मुलगीच झाली. पण तिचं नाव लामेर्सी. कृपा. थोरल्या तिघी लग्न होऊन शहरात गेल्या, बाप वारला, आणि घरात उरल्या एका आईच्या दोघी: एक पुरे, एक कृपा. आई आसेफीला हाक मारायची ती ओट्यावरची कोंबडी हाकलावी तशी. आणि लामेर्सीला हाक मारायची तेव्हा शेवटचं अक्षर जिभेवर घोळवायची, जणू उसाचा रस. आता लामेर्सी बाळंतपणाला माहेरी आली होती. नवरा सरहद्दीपलीकडे कामाला. दिवसभर तेच नाव घरात घुमत होतं, आणि प्रत्येक वेळी आसेफीच्या बोटात सुई टोचत होती.

झऱ्यावर कुणी नव्हतं. ऊन थेट डोक्यावर आलं होतं, सावल्या पायांखाली गोळा झाल्या होत्या. झुडपांतले किडे एकदम गप्प झाले. ओल्या चिकणमातीचा वास आला, खोल खणल्यावर येतो तसा. आणि वरच्या झुडपांतून हाक आली.

"लामेर्सी..."

आवाज आईचा. तोच घोळ, तोच गोडवा.

भर दुपारी हाक मारणारा दिसल्याशिवाय ओ देऊ नये, दिली तर ती हाक माणसाला घेऊन जाते, हे त्या डोंगरात दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. आसेफीलाही ठाऊक होतं. पण त्या हाकेसाठी ती जन्मभर भुकेली होती. तोंडातून निघून गेलं, "ओ, आई!"

क्षणभर तिला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

मग अगदी कानाशी कुणीतरी विचारलं, "तूच का गं ती?"

दुपटं तिथेच टाकून आसेफी पळत सुटली.

आई अंगणात रताळी सोलत बसली होती. "तू झऱ्यावर आली होतीस?" आसेफीने धापा टाकत विचारलं.

"मी कशाला येऊ? काय झालं?"

"कुणीतरी हाक मारली. तुझ्या आवाजात."

आईची सुरी थांबली. "कुणाच्या नावानं?"

"लामेर्सीच्या."

आईने सुरी रताळ्यांत ठेवून दिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या नि तिच्या मधे एक झाली होती. ती पोटात असतानाच मी तिचं नाव लामेर्सी ठेवलं होतं. रोज हाक मारायचे तिला, पोटावर हात ठेवून... बाप्तिस्म्याचं पाणी लागायच्या आधीच गेली. तुझा बाप घरी नव्हता. मीच नेऊन पुरली, झऱ्याच्या वरच्या अंगाला."

"आणि नाव?"

"एवढं चांगलं नाव वाया कसं घालवायचं? पुढचीला दिलं."

आसेफीला भीती वाटायला हवी होती. पण आधी तिला आनंद झाला. म्हणजे ते नाव उतरलेलं होतं तर! वापरलेल्या परकरासारखं! ती तडक आत गेली. लामेर्सी चटईवर पाय पसरून बसली होती.

"तुझं नाव मेलेल्या पोरीचं आहे, बाईसाहेब," आसेफी म्हणाली. "आणि ती ते परत मागायला आलीय."

सगळं ऐकल्यावर लामेर्सीने दोन्ही हात पोटावर ठेवले. "ताई," ती म्हणाली, "माझं एवढं काय खुपतं गं तुला?"

आसेफी बाहेर निघून गेली. त्या रात्री दोघींपैकी कुणी जेवलं नाही.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी सकाळपासून वारा पडला होता. ऊन चढलं तरी बाळ काही बाहेर येईना. सुईण पायांशी बसलेली, आई मागून खांदे धरून, आसेफी उशाशी ओलं फडकं घेऊन. दार लावलेलं होतं. तरी ओल्या मातीचा वास फटीतून आत आला.

"लामेर्सी..."

हाक अंगणातून आली. आवाज आईचा. आणि आई तर इथे होती, ओठ घट्ट मिटून, डोळे विस्फारून. सुईणीने छातीवर क्रूस काढला. वेदनेने बेभान झालेल्या लामेर्सीने तोंड उघडलं. आई बोलावतेय एवढंच तिला कळत होतं.

तिचं तोंड दाबायला आसेफीच सगळ्यांत जवळ होती. पण क्षणभर, एकच क्षण, तिचा हात उठला नाही.

मग उठला. लामेर्सीचे दात तळव्यात रुतले तसा आसेफीने आवाज चढवला. "ओ! आले, आले!" आणि ती दार उघडून बाहेर गेली.

अंगण पांढरंफटक पडलं होतं. आंब्याची सावली बुंध्याशी गोळा झालेली. फक्त एक सावली कॉफीच्या झुडपांमागून थेट उंबऱ्यापर्यंत आली होती, संध्याकाळच्या सावलीसारखी लांब. ती टाकणारं कुणी दिसत नव्हतं.

"तू लामेर्सी नाहीस," आवाज म्हणाला.

"आहे."

"नाहीस. हाक आली की तू दचकतेस. ज्याचं नाव असतं ते दचकत नाही."

आसेफीने मूठ आवळली. तळव्यातून रक्त ठिबकत होतं. "नसेन," ती म्हणाली. "मलाही ते हवं होतं. तुझ्यासारखंच. आतलीने मागितलंसुद्धा नव्हतं, तिला मिळालं. मी तिचा रागराग केला. पण... तिला नेऊ नकोस."

मग आईच्याच आवाजात, पण लहान पोरीसारखं मुसमुसत, "आई मला हाक मारत नाही."

"मारेल. मी सांगते तिला. रोज मारेल."

सावली हळूहळू मागे सरली. आत बाळ रडलं.

मुलगी झाली. दोघी सुखरूप. लामेर्सीने तिचं नाव ठेवलं नुवेला, म्हणजे नवी. या नावाची आपल्यात आधी कुणी होऊन गेली नसावी, म्हणून. आसेफीने दुसऱ्या नव्या दुपट्यावर ते निळ्या धाग्याने भरलं. लामेर्सीने तिचा चावलेला तळवा हातात घेतला, त्यावर ओठ टेकवले. दोघींमधलं बरंच काही त्या दिवशी संपलं.

आसेफीने शब्द पाळला. आईला सगळं सांगितलं. दुसऱ्याच दुपारी आई ओसरीवर उभी राहिली आणि झऱ्याकडे तोंड करून तिने हाक मारली. घरातून लामेर्सी सवयीने "ओ" म्हणाली. आणि खूप लांबून, दरीच्या वरच्या अंगाने, दुसरी ओ आली. आईचा चेहरा असा उजळला, की आसेफीने मान फिरवली.

मग आई रोज हाक मारू लागली. आधी एकदा, मग दिवसभर. दुसरी ओ झऱ्यावरून कॉफीच्या झुडपांत आली. तिथून आंब्याखाली. आसेफीला तर आई आता कोंबडीसारखीही हाकलत नव्हती. बाळ धरून घरात चार बायका होत्या, आणि आई बोलायची फक्त पाचवीशी.

लामेर्सी नवऱ्याचा निरोप आला तशी बाळाला घेऊन सरहद्दीपलीकडे गेली. घर रिकामं झालं. पुढच्या शनिवारी आसेफी ओसरीवर सुई घेऊन बसली होती. आईने अंगणातून हाक मारली, "लामेर्सी..."

"ओ, आई." आवाज घरातून आला. दाराच्या अगदी मागून.

आईने सूप खाली ठेवलं, हात पुसले आणि ती आत गेली. जाता जाता तिने दार लोटून घेतलं. आसेफीला आतून कडी ऐकू आली. मग आईचं हलक्या आवाजातलं बोलणं, "बैस. किती वर्षांची भुकेली असशील."

आसेफी उठली नाही. सुई हातातच होती. आत दोन चमचे वाजत होते.