न आलेले अकरा जण

"सही करणार नाही म्हणजे नाही!"

ताईनं पेन ऑपरेशनच्या संमतीपत्रावर आपटलं... तरी तिचा उजवा हात थरथरतच राहिला. याच हातानं लोकांचे कपडे शिवून तिनं धाकट्या भावाला मेंदूचा सर्जन केलं होतं, स्वतःचं शिक्षण, लग्न, सगळं सगळं बाजूला सारून! आणि आता तोच तिच्या मेंदूत बारीक तार बसवून हा कंप थांबवायला निघाला होता.

"अगं, माझा शोधनिबंध वाचलास ना? एकोणचाळीस रुग्णांपैकी तेहतीस जणांच्या हातांचा कंप थांबला. बोलणं कुणाचंही बिघडलं नाही!"

"दोनदा वाचला. पण पहिल्याच पानावर ऑपरेशनं पन्नास लिहिलीत. बाकीचे अकरा कुठं गेले रे?"

"ते तपासणीला परत आलेच नाहीत. मोजणार कसं?"

"वा रे शहाण्या! गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नाही, की मी काय समजायचं... कपडा छान बसला?"

तो लालबुंद झाला. "सातवी शिकलेली तू मला संशोधन शिकवणार?"

शब्द काळजात रुतले. सातवीच... कारण त्याच वर्षी आई गेली, आणि हा पाळण्यात रडत होता! डोळे भरून आले, पण तिनं मान खाली घातली नाही.

"हात हलला तर हलू दे, पण माझी जीभ अडखळली तर? जा, त्या अकरा जणांना विचारून ये. मग बोल!"

दार आपटून तो निघून गेला.

तीन आठवड्यांनी आला तो दाढी वाढलेला, पडेल चेहऱ्याचा. "नऊ जण सापडले, ताई. चौघं ठणठणीत आहेत. पण पाच जणांचं बोलणं... एक शिक्षक होते गं! शब्दच फुटत नाहीत, म्हणून लाजेनं आले नाहीत." त्याला हुंदका आवरेना. "मी त्यांना मोजलंच नाही! माफ कर मला... नको ते ऑपरेशन."

तिनं त्याला पोटाशी धरलं. मग म्हणाली, "पेन दे इकडं."

"ताई?"

"पन्नासात पाच, ते न सापडलेले दोघे धरले तर सात. आता सगळं कळलंय, आता माझं मी ठरवणार! मला पुन्हा सुईत दोरा ओवायचाय. ऑपरेशन मात्र तुझ्या सरांनी करायचं. तू बाहेर बस, तुझे हात माझ्यापेक्षा जास्त कापतील."

रडता रडता तो हसला. तिनं वेडीवाकडी सही केली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"आणि ऐक. उद्या मी बोलू शकले नाही, परत आले नाही... तरी मला मोजायचं!"