बॅटरी घरातच होती

कुणी विश्वास ठेवो न ठेवो, पण हे घडलं तेव्हा रात्र नव्हती.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. नारीन गाव, जानेवारी महिना, उणे अठ्ठावीस अंश थंडी. अंगणात लख्ख ऊन होतं. फाटकात आम्ही अकरा माणसं उभी होतो. अकराही जणांनी पाहिलं.

सायकाल माझी मावसबहीण. मी जे पाहिलं नाही, ते तिने सांगितलंय. आणि सायकालला खोटं बोलता येत नाही. येत असतं तर तिचं आयुष्य बरंच सोपं गेलं असतं.

तिचा नवरा एसेन वीस वर्षं नारीन ते आतबाशी प्रवासी नेत होता. गाडी जुनी, हाताने गिअर टाकायची. तिच्या क्लचला तो इतकं जपायचा, की सायकाल म्हणायची, "माझ्याशीही कधी इतकं हळुवार वाग रे."

"तू झिजत नाहीस," तो म्हणायचा. "क्लच झिजतो."

आमच्याकडे हिवाळ्यात हँडब्रेक कुणी ओढत नाही. रात्रीत तो गोठतो आणि चाकं जाम होतात. म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी करायची. सकाळी आधी क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, डावी-उजवीकडे हलवून खात्री करायची. मगच किल्ली.

खट... खट.

"डोळ्यांवर विसंबू नकोस," एसेन बायकोला शिकवायचा. "हाताला विचार."

कारण विसरलात, तर गाडी चालू होताना पुढे झेप घेते. त्यांचं अंगण फाटकाकडून गोठ्याच्या भिंतीकडे उतरतं. आणि सकाळी गाडीपुढे, भिंतीला पाठ करून, कुणीतरी वाकलेलं असतंच. रात्रभर इंजिन गोठू नये म्हणून बॉनेटवर पांघरलेला लोकरीचा नमदा काढायला.

एसेनचा धाकटा भाऊ जाकिप त्याच अंगणात, समोरच्या खोलीत राहायचा. एसेनला तो 'आके', म्हणजे दादा, म्हणायचा. गेल्या हिवाळ्यात त्याने बाजारातून एक रिमोट आणला आणि गाडीला बसवला.

"आके, आता बिछान्यात चहा पीत बटण दाबायचं. तू येईपर्यंत गाडी गरम."

"गाडी गिअरमध्ये असते, गाढवा. थेट भिंतीत जाईल."

"मग न्यूट्रलमध्ये ठेव, चाकांखाली विटा लाव. लोक चंद्रावर जाऊन आले, आणि आमचा आके अजून दांडाच हलवतोय!"

धाकट्या भावाचं मन मोडणं एसेनला कधी जमलं नाही. नवा नियम ठरला. न्यूट्रल, आणि पुढच्या चाकांखाली दोन विटा.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी जाकिप गाडी घेऊन बाजारात गेला. परतला तेव्हा फोन कानाला होता. सायकाल खिडकीत बटाटे सोलत होती. तो उतरला, दार आपटलं, बोलत बोलत आत गेला.

विटा त्याने लावल्याच नाहीत.

आणि तरीही गाडी उतारावर तशीच उभी राहिली. एक बोटभरही सरकली नाही.

म्हणजे ती गिअरमध्ये होती. जुन्या सवयीने हाताने आपलं काम केलं होतं. सायकालला हे उमगलं, पण दुसऱ्या दिवशी. फार उशिरा.

सकाळी एसेन नमदा काढायला गाडीपुढे वाकला. समोरच्या खोलीत, बिछान्यात, जाकिपने बटण दाबलं.

गाडीने झेप घेतली.

आवाज आला तो वाळलेल्या फांद्या गुडघ्यावर मोडल्यासारखा. गाडी बंद पडली नाही. चाकं बर्फावर फिरत राहिली आणि त्याला भिंतीत दाबत राहिली. सायकाल अनवाणी धावली. दार उघडून आत शिरली, क्लच दाबला, रिव्हर्स टाकून गाडी मागे घेतली. तिला किती वेळ लागला असेल? दहा श्वास.

एसेन भिंतीवरून खाली घसरला. त्याच्या तोंडातून आलेलं रक्त हनुवटीवरच गोठलं. तो काहीतरी बोलू पाहत होता. नुसताच उजवा हात हलला. डावीकडे... उजवीकडे...

जाकिप सगळ्यांसमोर रडत म्हणाला, "आके रात्री सिगरेट ओढायला बाहेर गेला होता. त्यानेच गिअर टाकला असणार."

"विटा तू लावल्या नाहीस," सायकाल म्हणाली. "मी पाहिलंय."

"जेने, तू दुःखात आहेस," तो वहिनीला म्हणाला. इतक्या मऊ आवाजात, की सगळ्यांना त्याचंच खरं वाटलं.

पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, स्वतःचाच निष्काळजीपणा. वीस वर्षं ज्याने एका प्रवाशाला खरचटू दिलं नाही, त्याच्याबद्दल बाजारात लोक म्हणू लागले, "शेवटी ड्रायव्हर कच्चाच." सायकालला नवरा तर परत मिळणार नव्हता. तिला फक्त त्याचं नाव परत हवं होतं.

सातव्या दिवशी ती मृताला वास पोचावा म्हणून तेलात बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळत होती.

बाहेरून आवाज आला.

खट... खट.

ती बाहेर गेली. गाडीला कुलूप होतं. आत कुणी नव्हतं.

फक्त समोरच्या काचेला, आतल्या बाजूने, ड्रायव्हरच्या तोंडासमोर... श्वासाचं धुकं होतं.

त्यानंतर रोज सकाळी गाडी पहिल्या गिअरमध्ये सापडू लागली. जाकिपच आता ती चालवत होता. त्याने एकदा शेजाऱ्यांसमोर दांडा न्यूट्रलला आणला, विटा लावल्या, कुलूप घातलं. रात्री नवं बर्फ पडलं. सकाळी बर्फावर पाऊल नाही, मांजराचंसुद्धा नाही.

गाडी पहिल्या गिअरमध्ये.

आणि विटा जाकिपच्या उंबऱ्यावर. एकावर एक, नीट रचलेल्या.

त्याने रिमोट नदीत फेकला. मेकॅनिककडून त्याच्या वायरी उपटून घेतल्या. आणि संध्याकाळी बॅटरीच काढून घरात आणू लागला. थंडीत बरेच जण आणतात, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही.

"जेने, गाडी विकून टाकू या," तो एकदा म्हणाला. त्याचे डोळे खोल गेले होते.

"आधी खरं बोल. मग गाडीच काय, घर विक."

जाकिप बॅटरी काढायला निघून गेला.

एसेन गेल्याचा चाळिसावा दिवस उजाडला. घोडा कापला होता, कढया चढल्या होत्या, आम्ही पाहुणे फाटकात पोचलो होतो. आतबाशीहून म्हाताऱ्यांना आणायचं होतं. जाकिप बाहेर आला. आधी क्लच, मग दांडा. चांगला दहा वेळा हलवला. चाकांखालच्या विटा लाथेने तपासल्या. गाडीला कुलूप घालून किल्ली सायकालच्या हातात दिली.

"तूच धर, जेने. मी नमदा काढतो, मग बॅटरी आणतो."

सायकाल घराच्या दारात उभी होती. किल्ली मुठीत. बॅटरी तिच्या मागे, चुलीशेजारी, जमिनीवर. येताना तिच्या पायाला लागलीसुद्धा होती.

जाकिप गाडीपुढे वाकला.

खट... खट.



जाकिपने मान वर केली. आमच्याकडे नाही, काचेकडे बघितलं. काचेवर धुकं हळूहळू वाढत होतं...

"आके?" तो म्हणाला. लहान मुलासारखा.

इंजिन घुरघुरलं.

गाडीने झेप घेतली नाही. ती विटा पुढे ढकलत हळू आली. एसेन प्रवासी उतरवताना आणायचा, तितकी हळू. जाकिपच्या मांड्या भिंतीला टेकल्या. आणि ती येतच राहिली. आधी एक हाड मोडलं. मग दुसरं. त्याने बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या.

"मी टाकला होता! गिअर मीच टाकला होता! आके, विटा मी लावल्या नाहीत!"

अकरा माणसांनी ऐकलं.

इंजिन बंद झालं.

एसेनचं नाव त्याला परत मिळालं होतं. मला वाटलं, संपलं. कुणीतरी दुवा पुटपुटायला लागलं. जाकिप बॉनेटवर पालथा पडून हुंदके देत होता. गाडी अजून त्याला चिकटून होती. कुणीतरी मागे घ्यायला हवी होती.

सायकाल गाडीच्या दाराच्या सगळ्यात जवळ होती. किल्ली तिच्याकडे होती. क्लच कुठे आहे, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"सायकाल!" मी ओरडले. "धाव!"

सायकाल उभीच राहिली.

खट... खट.

यावेळी गाडी हळू आली नाही. भिंत आत वाकली. जाकिपच्या तोंडून रक्ताचा लोट काचेवर उडाला आणि उडता उडताच गोठला. आम्ही चौघांनी गाडीचं दार तोडून, ढकलून ती मागे घेतली, तेव्हा त्याला भिंतीवरून सोलून काढावं लागलं. मेकॅनिकने बॉनेट उघडलं. बॅटरीची जागा रिकामी होती. तारांची टोकं तशीच सुटी, वर दव गोठलेलं.

याला आता एक वर्ष झालं. बाजारात एसेनचं नाव पुन्हा आदराने घेतात. गाडी कुणी विकत घेत नाही, भंगारवालासुद्धा नाही. ती तिथेच आहे. न्यूट्रलमध्ये, चारही चाकांखाली विटा. वर्षभर तिच्यातून काही आवाज आला नाही.

गेल्या आठवड्यात सायकाल माझ्याकडे आली. चहा तिने घेतला नाही.

"मला धावता आलं असतं," ती म्हणाली. "पहिल्या वेळी दहा श्वासांत पोचले होते. त्या दिवशी मी मोजले. तीस श्वास मी नुसती उभी होते. पाय कुणी धरले नव्हते, ताई. पाय माझेच होते."

"झालं ते झालं. एसेनचं वैर जाकिपशी होतं. ते संपलं."

"मलाही तसंच वाटत होतं."

मग तिने पिशवीतून दोन विटा काढल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. बर्फ अजून त्यांना चिकटलेलं होतं.

"आज सकाळी माझ्या उंबऱ्यावर होत्या," ती म्हणाली. "एकावर एक."